मागच्या सीटवरचं प्लास्टिक

आमच्या घरी गाडी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, आणि सगळ्यात आधी मावळला तोही माझाच. गाडीत बसायचं कसं, हे आमच्या नवरोबांनी गाडी बुक करायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं.

नवरोबा अमरावतीला लाल बसगाड्यांच्या डेपोत नोकरीला. काम टेबलावरचं, पण टेबलाजवळची खिडकी वर्कशॉपकडे उघडायची, आणि त्या खिडकीतून त्यांनी नोकरीभर एकच गोष्ट पाहिली. फाटलेल्या सीटा. ब्लेडनं चिरलेल्या, खिळ्यानं नावं कोरलेल्या, आणि मोर्शीहून अमरावतीला येईपर्यंत कुणीतरी फोम चिमूट चिमूट उकरून खिडकीबाहेर उडवलेल्या. "माणूस काई वाईट नसते," ते म्हणायचे, "पण बसला का त्याचे बोटं रिकामे होतेत." इंजिन मेकॅनिकच्या हाती, टायर रस्त्याच्या हाती, आपल्या हाती फक्त सीट, असं त्यांचं ठाम मत होतं. ह्या मतापुढे मी कधीच जिंकले नाही.

गाडी छोटीशी, दुधी रंगाची. शोरूममधल्या माणसानं पूजा झाल्यावर हौसेनं सीटवरचं प्लास्टिक फाडायला हात घातला, तेव्हा नवरोबा असे ओरडले की हार घालणारा मुलगा दचकून मागं सरला.

"ते राहू द्या!"

"साहेब, हे पॅकिंग आहे."

"मले माईत हाये. राहू द्या."

ते पॅकिंग मग राहिलंच. आम्ही गाडीत बसायचो म्हणजे प्लास्टिकवर बसायचो. पण एवढ्यानं भागणार थोडंच! दुसऱ्या आठवड्यात आम्ही सीटकव्हरवाल्या चाचांच्या दुकानात गेलो. चाचा दिलखुलास माणूस. आधी त्यांना वाटलं, प्लास्टिक काढून कव्हर बसवायचं आहे. प्लास्टिकच्या वर कव्हर, हे ऐकल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं, आणि त्यांना घरची परिस्थिती समजली. मग त्यांनी कापडांचे तुकडे काढले. "साब, ये शेर का डिझाइन ले लो. बैठनेवाला डर के बैठेगा, हिलेगा नहीं." नवरोबा खरंच विचारात पडले. शेवटी मी खाकरले, आणि वाघाऐवजी चॉकलेटी रंगाचं जाड टॉवेलचं कापड ठरलं. त्यावर मातीचा डाग दिसत नाही, हा त्याचा गुण.

टॉवेलच्या कव्हरवर पावसाळ्यात जुनी चादर यायची. डोकं टेकायच्या जागी तेल लागतं म्हणून उशीचे अभ्रे चढवले होते, आणि घरात जास्तीचे अभ्रे म्हणजे मी लग्नाआधी भरलेले. त्यामुळं गाडी चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यामागं गुलाबाच्या दोन फुलांत 'शुभ रात्री' असं लिहिलेलं असायचं. आमच्या गाडीला ओव्हरटेक करणारे लोक मागं वळून हसायचे. नवरोबांना वाटायचं, गाडी छान ठेवली म्हणून हसतात.

नियम बरेच होते. मागच्या खिशात कंगवा, किल्ल्या, पाकीट नको. साडीला पिन लावली असेल तर कुठं लावली ते आधी सांगायचं. गाडीत संत्र सोलायचं नाही. गिलावडा तर नावसुद्धा काढायचं नाही, कारण त्याच्यावरचं दही पहिल्या ब्रेकला उडी मारतं. लग्नाहून येताना हळदीचे हात पंचावर पुसायचे, पंचा पिशवीत आणि पिशवी डिकीत. आमच्या सासूबाईंना केसांना तेल लावून बसायची सवय. त्यांनी एकदा सरळ सांगून टाकलं, "बाबू, मी आपली रिक्षानं येतो. तिथं मले डोकं तरी टेकवता येते." तर पोटच्या पोरानं त्यांना अभ्रा दाखवला आणि समजावलं की आता टेकवा, हरकत नाही.

उन्हाळ्यात काय व्हायचं, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. टॉवेलच्या खालून प्लास्टिक तापायचं, बसल्या जागी घाम सुटायचा, आणि उतरताना चर्र असा आवाज करून आपण सीटपासून सुटायचो. ब्रेक लागला की टॉवेल प्लास्टिकवरून घसरायचा आणि त्याच्यावर बसलेली मी डॅशबोर्डला भेटून यायची. मी शाळेत भूगोल शिकवायची. घर्षण नसेल तर काय होतं, ते शिकवायला मला शेजारच्या विज्ञानाच्या बाईंपेक्षा जास्त उदाहरणं ठाऊक होती. एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, ह्या सीटवर बसायचं तरी कुणी? कुणासाठी जपताय?"

"वेळ येते एखाद्या वेळी," ते म्हणाले. "तवा चांगली दिसली पाह्यजे."

ती वेळ माझ्या माहेराहून आली.

माझं माहेर मूर्तिजापूरपासून आत, काळ्या मातीतलं गाव. वडील गेल्यावर वावर धाकट्या भावानं सांभाळलं. तो बी.ए. झालेला, वाचायचा नाद, बोलायला मिश्कील, आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, माणसासारखी पत्रिका सांगणारा. कुठल्या तुकड्यात पाणी साचतं, कुठल्या बांधाशी बोंडं उशिरा फुटतात, हे तो झोपेतही सांगेल. बाकी सगळं ठीक होतं. फक्त त्याचं लग्न जमत नव्हतं, आणि आईला दुसरा ध्यास नव्हता.

ती वर्षंच तशी होती. पेपरात रोज आमच्या भागाचं नाव यायचं आणि ते कशासाठी यायचं हे सगळ्यांना माहीत होतं. मुलींचे बाप तोंडावर सांगायचे, शिपाई चालेल, दुकानात मापं टाकणारा चालेल, वावरवाला नको. ज्यांची स्वतःची सात पिढ्यांची शेती, तेच सांगायचे. मी त्यांना दोष देऊ शकत नव्हते. तरी रागानं माझे कान तापायचे. माझ्या भावासारखा मुलगा समोर बसलेला, आणि ते त्याच्यापलीकडच्या भिंतीकडे पाहून विचारणार, "नोकरीचं काई जमून राह्यलं काय?" किती घरी पोहे खाल्ले ते आम्ही मोजणं सोडलं होतं. आईला त्या काळात पोह्यांचा वास सहन होत नसे. चार वर्षं हे चाललं, आणि दर वर्षी भाऊ पोरी पाहायला जाताना थोडा आणखी कमी बोलायला लागला. आईला भीती होती ती हीच. लग्न तर नाहीच, पण पोरगाही असा हळूहळू मुका होऊन जाईल.

तो आमच्याकडे अमरावतीला यायचा तेव्हा नवरोबा त्याला गाडीतून बाजार समितीत किंवा बस स्टँडवर सोडायला जायचे. भाऊ दार उघडायचा, खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, झटकायचा, सीटवर नीट पसरायचा आणि मग त्याच्यावर बसायचा. "भाऊजी, तुमची सीट सलामत," असं वर हसून म्हणायचा. नवरोबा खूश. मला उद्देशून म्हणायचे, "पाहा. याले म्हंतात वळण."

मग एका दिवाळीनंतर मामांनी अकोल्याचं स्थळ आणलं. आमचे मामा हौशी मध्यस्थ. खोटं बोलत नाहीत, फक्त खऱ्याला जरा नटवतात. मुलगी अकोल्याला एका चष्म्याच्या दुकानात काम करायची. वडील जिनिंगमध्ये होते, सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात. कारखाना बंद पडल्यापासून घरीच. ह्या लोकांनी वावरवाल्याला घरी बोलावलं कसं, हे मी मामांना विचारलं.

"त्याईले सांगितलं, घरी गाडी हाये."

"मामा! कोनाच्या घरी?"

"आता बहिणीचं घर ते आपलंच घर नाई काय?" मामा म्हणाले. "अन् जवाईबुवाले सांग, ते टावेल-बिवेल काढून टाका म्हना. गाडी गाडीसारखी दिसू द्या."

मला वाटलं, हे काही नवरोबांच्या गळी उतरायचं नाही. पण त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, थोडा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "काढू." एवढंच. त्या एका शब्दासाठी मी त्यांचे पुढचे कितीतरी नियम मुकाट पाळले.

आदल्या दिवशी सकाळी प्लास्टिक सोलण्याचा सोहळा झाला. नवरोबा आंघोळ करून बसले होते. आधी अभ्रे उतरले, मग टॉवेलची कव्हरं, मग त्यांनी छोटी कात्री घेतली आणि मागच्या सीटच्या शिवणीपाशी प्लास्टिक कापलं. मी शेजारी उभी. इतक्या वर्षांनी आमच्या गाडीचा खरा रंग दिसणार होता.

प्लास्टिक निघालं आणि दोघंही वाकून पाहू लागलो. फिकट राखी कापडावर, बरोब्बर बसायच्या जागी, पिवळट काळे ठिपके. पाठीला वेगळे, मांडीला वेगळे. आतल्या आत कोंडलेला घाम, दर पावसाळ्यातली ओल, सगळी तिथं मुरून बुरशी धरली होती. प्लास्टिक बाहेरून अजून लखलखीत होतं.

नवरोबा पायरीवर बसले. हातात प्लास्टिक. "इतके वर्षं जपलं," ते म्हणाले. "इतके वर्षं, बाप्पा!" मला हसू आवरेना, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसताही येईना. शेवटी मी शॅम्पू, कोमट पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश आणला. दिवसभर दोघांनी मिळून सीटा घासल्या, चारी दारं उघडी टाकून उन्हात वाळवल्या. ठिपके फिके झाले, पण गेले नाहीत. शेजारीण गच्चीवरून विचारून गेली, "वहिनी, गाडीत कोनी ओकलं काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मूर्तिजापूरकडून आत वळून आईला, भावाला आणि मामांना घेतलं. भाऊ कोरा पांढरा शर्ट घालून उभा होता, इस्त्रीच्या घड्या मोडायला भीत. खांद्यावर नवा दुपट्टा. मागं तिघांत त्याला मधली जागा मिळाली आणि बसताना दुपट्टा पसरायला वावच उरला नाही. तो सगळा रस्ता जरा पुढं सरकून, सीटच्या कडेवर बसला होता. मला वाटलं, शर्टाला चुण्या पडू नयेत म्हणून.

अकोल्याला घर जुन्या शहरात, दोन खोल्यांचं. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या असाव्यात, कारण प्रत्येक वेगळ्या उंचीची. गाडी दारातच उभी केल्यामुळं गल्लीतली सगळी पोरं तिच्याभोवती जमली आणि नवरोबांचं लक्ष पोह्यांत लागेना. मुलीचे वडील साधा, थकलेला माणूस. विचारायचं ते त्यांनी सरळ विचारलं. वावर किती, विहीर हाये काय, वाटण्या झाल्या काय.

"अन् गाडी घरचीच?"

"घरचीच म्हना," मामा म्हणाले. नवरोबांना ठसका लागला. भाऊ आपल्या बशीत पाहत राहिला.

मुलगी आली. चष्म्याच्या दुकानात काम करून करून तिला माणसाच्या चेहऱ्याकडे सरळ पाहायची सवय झाली असावी. तिनं सगळ्यांकडे एकदा तसं पाहिलं. मी मनात म्हटलं, ही काही फसणार नाही.

मग कुणीतरी म्हणालं, पोरापोरीले दोन शब्द बोलू द्या. ते म्हणणं सोपं, पण बोलायचं कुठं? आतल्या खोलीत बायका, गच्चीवर कुणाच्या तरी मिरच्या वाळत घातलेल्या, अंगणात खुर्च्या. मुलीच्या वडिलांनीच तोडगा काढला. "गाडीत बसा ना. गाडी रिकामीच हाये." आणि मला म्हणाले, "ताई, तुमी राहा सोबत."

म्हणून मी जाऊन पुढच्या सीटवर बसले, पाठ करून, जणू मी तिथं नाहीच. मागचं एक दार मुलीनं उघडलं, दुसरं भावानं. तिला बसायला सांगायच्या आधी त्यानं खांद्यावरचा नवा दुपट्टा काढला, झटकला, आणि आपल्या बाजूच्या सीटवर नीट पसरला. आरशात मला सगळं दिसत होतं.

मुलगी दार धरून तशीच उभी राहिली.

"हे काऊन आंथरून राह्यले?"

"सीट खराब होते."

"तुमचे कपडे तं कोरे दिसून राह्यले."

भावाचा हात दुपट्ट्यावर तसाच थांबला. मला वाटलं, आता काहीतरी गंमत करून तो वेळ निभावून नेईल. एके काळी त्यानं नेलीही असती.

"सवय हाये," तो म्हणाला. "गाडी आमची नाई. भाऊजींची हाये. मामा बोलले तसं काई नाई. माह्याजवळ जुनी मोटरसायकल हाये, बैलबंडी हाये, अन् वावर हाये. विहिरीले होळीपर्यंत पानी राह्यते, मंग राहत नाई. नोकरी नाई, अन् लागनार बी नाई आता."

मी डोळे मिटून घेतले. गेलं, म्हटलं. हेही गेलं. मामांनी महिनाभर सजवलेलं स्थळ ह्या पठ्ठ्यानं एका दमात उधळलं. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मला भावाचा मनापासून राग आला. खरं बोलायला आजचाच दिवस सापडला का ह्याला?

दार लागल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले, तर मुलगी आत येऊन बसली होती आणि सीटवरून हात फिरवत होती.

"अन् हे डाग कायचे?"

"ते प्लास्टिकनं पडले. झाकून ठेवल्यानं."

"झाकून ठेवल्यानं पडले," ती म्हणाली, "अन् तुमी अजून झाकूनच राह्यले?"

भाऊ उभाच होता, बाहेर, अर्धा वाकलेला. तो हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. पोरी पाहायला गेलेल्या कुठल्याही घरात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तिला मात्र हसू आलं नव्हतं.

"माहे बाबा जिनात होते," ती म्हणाली. "घरी येत तवा केसात, भुवयात, कानात कापूस. आई त्याईच्यासाठी गादी आंथरे. त्याईच्यापासून गादी झाके नाई कवाच."

आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. ती चिडली होती, आणि चिडली होती ती माझ्या भावाच्या वतीनं. मला एकदम सगळे दिवस आठवले. आमच्या घरी सोफ्याच्या कडेवर बसणारा भाऊ. जेवताना खुर्ची नको म्हणून खाली बसणारा. आत येताना आमच्या पायपुसण्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ पाय पुसणारा. आम्ही ह्याला वळण म्हणत होतो.

"ताई," मुलगी मला म्हणाली, "तुमी जराक बाहीर जाता काय?"

सोबतीला म्हणून बसवलेल्या बाईला असं कुणी सांगत नाही. पण ती आवाज न चढवता, गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसं बोलली, आणि मी निमूट उतरले. उतरताना पाहिलं, भावानं दुपट्टा गोळा केला होता आणि तो आत बसत होता. त्यांनी काचा वर केल्या.

नवरोबा समोरच्या कडुनिंबाखाली उभे होते. "काचा काऊन लावल्या? आतमंदी तापत असन." मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. "काय झालं?"

मी सांगितलं. दुपट्ट्याचं, मुलीनं विचारलं ते, भावानं सांगितलं ते. मला वाटलं होतं, गाडी कुणाची ते फुटलं म्हणून ते कपाळाला हात लावतील. त्यांनी ते ऐकलंच नाही.

"म्या त्याले कधी म्हटलं काय?" ते म्हणाले. "तू सांग. माह्या आईले म्हटलं, तुले म्हटलं, दूधवाल्याले म्हटलं. त्याले कधी एका शब्दानं म्हटलं काय, का दुपट्टा टाक म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. खरंच नव्हतं म्हटलं.

"त्याले सांगावंच लागलं नाई," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. गल्लीतल्या एका पोरानं तेवढ्यात बोनेटवर चढून बूट घासले, पण नवरोबांचं तिकडं लक्ष गेलं नाही.

गाडीतलं बोलणं बराच वेळ चाललं. इतका वेळ, की मामा दोनदा दारात येऊन घड्याळ पाहून गेले आणि मुलीची मावशी उगाचच अंगण झाडायला लागली. मग दोन्ही दारं उघडली. मुलगी सरळ आत निघून गेली. भावाचं तोंड लाल झालं होतं, उन्हानं की कशानं, कळायला मार्ग नव्हता. निघताना मुलीच्या वडिलांनी हात जोडले आणि सगळे म्हणतात तेच म्हणाले, "कळवतो." ह्या शब्दाचा अर्थ आमच्या घरी आता लहान पोरालाही पाठ होता.

मामा अकोल्यातच थांबले. परतीला मागच्या सीटवर आई आणि भाऊ दोघंच. आईनं गाडीत बसताच डोकं टेकवून डोळे मिटले. तिचा झोपायचा विचार नव्हता, तिला फक्त कुणाशी बोलायचं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस वेचणीला आलेला, बायका ओटीत कापूस भरून बांधाकडं चाललेल्या. नवरोबा खड्डे चुकवत होते.

"ताई," भाऊ म्हणाला.

"काय रे?"

"तिनं मले इचारलं, तुमाले काय आवडते."

मी मागं वळले. तो खिडकीबाहेर पाहत होता. चार वर्षं मी प्रत्येक घरी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. एकर विचारले गेले, विहीर विचारली गेली, भाऊबंदकी, व्यसन, रक्तगट. एका घरी त्याला चालून दाखवायला सांगितलं होतं. त्याला काय आवडतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मुलीकडच्यांनी नाही आणि आम्हीही नाही.

"मंग काय सांगितलं तू?"

"पयले तं सुचलंच नाई." तो थांबला. "मंग म्हटलं, वावर. म्हटलं, सकाळी पऱ्हाटीत जाऊन नुसतं उभं राहायले आवडते मले. इतक्या जागी गेलो, ताई, वावर म्हनलं का मान खाली जाय. इथं गेली नाई."

"अन् ते काय म्हनली?" हे आईनं विचारलं. तिचे डोळे सताड उघडे होते.

"म्हने, मंग मले कवा दाखवता?"

एवढं बोलून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिशी ओलांडलेला माझा भाऊ हुंदके देऊन रडायला लागला. आईनं त्याचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. ती त्याला थोपटत होती आणि तीही रडत होती, आणि मला पुढच्या सीटवरून मागं हात पुरवता येईना म्हणून मी नुसती त्याचा गुडघा धरून बसले.

नवरोबांनी गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मागं वळून पाहिलं नाही.

"रविवारी मले सुटी हाये," ते म्हणाले. "मी सकाळीच अकोल्याले जातो, अन् सगळ्यायले वावरात घेऊन येतो."